न्यायालयातील कनिष्ठ लिपिक नेमके काय करतो?

प्रश्न असा आहे. वाणिज्य शाखेची पदवी आणि मराठी ३० व इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट या टंकलेखनाची प्रमाणपत्रे हाती असलेल्या एका तरुणाने जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिकाच्या पदासाठी अर्ज केला आहे. हे काम म्हणजे दिवसभर टंकलेखनच काय, कायद्याची पदवी नसल्यामुळे अडते काय, आणि ‘कोर्टातली नोकरी’ म्हटल्यावर नातेवाईक ज्या अर्थाने हसतात त्यात तथ्य किती, असे त्याने विचारले आहे. मी महाराष्ट्रातील तालुका व जिल्हा न्यायालयांत कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झालो आणि सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. दिवाणी, फौजदारी, नाझर (न्यायालयात भरल्या जाणाऱ्या रकमा व समन्स बजावणी पाहणारी) आणि नक्कल या चारही शाखांतील टेबले मी सांभाळली आहेत, त्यामुळे उत्तर तेवढ्याच अनुभवावर बेतलेले आहे. उच्च न्यायालयाच्या कार्यालयाची रीत वेगळी असते, ती येथे धरलेली नाही.

टंकलेखनाचे आधी सांगतो. न्यायनिर्णय लघुलेखक उतरवून घेतो. लिपिकाच्या वाट्याला समन्स, नोटिसा, वॉरंट, कारागृहाला आणि पोलीस ठाण्यांना जाणारी पत्रे व मासिक विवरणपत्रे येतात, आणि मनुष्यबळ कमी असेल तेथे न्यायाधीश सांगतील तशी साक्षही टंकावी लागते. हे सगळे मिळून दिवसाच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे क्वचितच जाते. उरलेला वेळ फायली शोधण्यात, लावण्यात, तपासण्यात, त्यांवर लिहिण्यात आणि टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसांना उत्तरे देण्यात जातो. परीक्षेसाठी वेग लागतो. नोकरीत त्याहून जास्त उपयोगी पडते ती एखादी ओळ लिहिण्यापूर्वी मागचे पान उलटून पाहण्याची सवय.

न्यायाधीशांसमोर बसणाऱ्या लिपिकाला सगळे बेंच क्लार्क म्हणतात. त्याचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो. दुसऱ्या दिवशीच्या बोर्डावरील, म्हणजे त्या दिवसासाठी नेमलेल्या प्रकरणांच्या यादीतील, फायली कपाटातून काढायच्या, बोर्डाच्या क्रमाने लावायच्या, आणि प्रत्येक फाईल कशासाठी नेमली आहे ते मागील रोजनाम्यावरून पाहायचे: समन्स बजावून परत आले की बजावल्याविना, मागितलेला अहवाल आला की नाही, साक्षीदाराचा भत्ता भरला की नाही. साठ-सत्तर प्रकरणांचे बोर्ड ही नित्याची गोष्ट आहे. सकाळी अकराला न्यायाधीश डायसवर येतात, शिपाई पुकारा करतो, आणि त्यानंतर पुढचे काही तास न्यायालयात जे घडते ते त्याच क्षणी रोजनाम्यात उतरवणे हे बेंच क्लार्कचे मुख्य काम असते.

रोजनामा म्हणजे प्रत्येक प्रकरणाची तारीखवार नोंद. त्याची भाषा ठरलेली असते: “वादी व त्यांचे वकील हजर. प्रतिवादी क्र. १ तर्फे वकील हजर. प्रतिवादी क्र. २ पुकारले असता गैरहजर. वादीतर्फे निशाणी २२ चा अर्ज दाखल, प्रत समोरच्यांस दिली. समोरच्यांनी म्हणणे द्यावे. नेमले: म्हणणे व सुनावणीसाठी.” वाचायला हे कोरडे वाटते. पण वरिष्ठ न्यायालयात अपील गेले, आणि ‘आम्हाला म्हणणे मांडण्याची संधीच मिळाली नाही’ अशी तक्रार झाली, की पहिल्यांदा वाचला जातो तो हाच रोजनामा. त्यात प्रत दिल्याची नोंद असेल तर प्रत दिली. नसेल तर ती प्रत्यक्षात दिलेली असूनही दिल्याचे दाखवता येत नाही.

म्हणूनच रोजनाम्यात घडले त्याहून अधिक लिहू नये आणि कमीही लिहू नये. एक नेहमीचा प्रसंग सांगतो. आरोपी पुकारला असता गैरहजर राहिला, पावणेबाराला न्यायाधीशांनी त्याच्याविरुद्ध वॉरंटचा आदेश केला, आणि सव्वाबाराला आरोपी धापा टाकत हजर झाला. एस.टी. उशिरा आली, हे त्याचे कारण खरेही असते. वकील हळूच म्हणतात, “भाऊसाहेब, वरची ओळ खोडून ‘हजर’ करा ना, माणूस आलाय.” नवीन लिपिकाला दया येते, आणि खाडाखोड होते. बरोबर रीत अशी की वॉरंटची ओळ जशी आहे तशी राहते, आरोपीतर्फे वॉरंट रद्द करण्याचा अर्ज येतो, त्याला निशाणी पडते, न्यायाधीश त्यावर आदेश करतात, आणि रोजनाम्यात खाली दुसरी नोंद होते. आरोपीचे काम पाच-दहा मिनिटांत होऊन जाते, आणि कागदावर त्या सकाळी जे घडले तेच राहते. माझ्या पाहण्यात लिपिकांवर जे ठपके आले, त्यांतले निम्म्याहून अधिक लोभापायी नव्हे, तर असल्या भिडेपोटी आलेले होते.

वर निशाणीचा उल्लेख आला. फाईलमध्ये येणाऱ्या प्रत्येक अर्जाला, पुरसिसला (पक्षकाराच्या लेखी निवेदनाला), आदेशाला क्रमाने निशाणी, म्हणजे ओळखीचा क्रमांक, पडते. दावा निशाणी १, आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज निशाणी ५, हे इतके रूढ आहे की ज्यांना कायद्यातले अन्य काही ठाऊक नसते ते पक्षकारही “आमचा निशाणी पाच कधी लागणार?” असे विचारतात. नवख्याची चूक होते ती कागदपत्रांच्या बाबतीत. यादीसोबत दाखल झालेला कागद ३/१, ३/२ अशा उपक्रमांकावरच राहतो; तो साक्षीत शाबीत झाला किंवा समोरच्यांनी कबूल केला, की न्यायाधीशांच्या आदेशाने त्याला स्वतःची निशाणी मिळते. फाईल नीटनेटकी दिसावी म्हणून लिपिकाने उत्साहाने आपणच क्रमांक घातला, तर शाबीत न झालेला खरेदीखताचा कागद पुराव्यात आल्यासारखा दिसू लागतो.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली मोठी चूक कॅव्हेटची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका तालुक्याच्या न्यायालयात दावे दाखल करून घेण्याच्या टेबलावर होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ प्रमाणे, आपल्याविरुद्ध कोणी एकतर्फी आदेश मागेल अशी भीती असणारा मनुष्य आधीच कॅव्हेट दाखल करू शकतो. ते दाखल तारखेपासून ९० दिवस अमलात राहते, आणि त्या काळात तसा अर्ज आला तर कॅव्हेट करणाऱ्याला नोटीस द्यावी लागते. सामाईक विहिरीच्या पाण्याचा एक दावा निशाणी ५ सह आला, तोही सायंकाळी कार्यालय बंद होण्याच्या सुमारास. मी कॅव्हेटची नोंदवही चाळली, प्रतिवादीच्या आडनावाने काही दिसले नाही, आणि ‘कॅव्हेट नाही’ असा शेरा मारला. दुसऱ्या दिवशी एकतर्फी तात्पुरता मनाई आदेश झाला. तिसऱ्या दिवशी समोरचे वकील आपल्या कॅव्हेटची पोच घेऊन उभे राहिले. नोंद होती, पण ती गावच्या नावाने रूढ झालेल्या त्यांच्या दुसऱ्या आडनावाखाली. आणि ८४ दिवस उलटल्यामुळे नोंदवहीत बरीच मागे गेलेली. न्यायाधीशांनी दोन्ही बाजू तातडीने ऐकून आदेश फिरवला, मला कारणे दाखवा नोटीस मिळाली, आणि विहिरीवरची मोटार मात्र तीन दिवस माझ्यामुळे बंद राहिली. तेव्हापासून मी दोन्ही पक्षांची नावे, गाव आणि गट नंबर अशा तिन्ही अंगांनी शोध घेतल्याशिवाय तो शेरा मारला नाही. आता शोध संगणकावर घेता येतो, तरी अडचण संपलेली नाही: इंग्रजी अक्षरांत नाव भरताना एकाने ‘आ’साठी एक ‘ए’ टाकला आणि दुसऱ्याने दोन, तर यंत्राच्या लेखी ती दोन निराळी माणसे असतात.

दिवाणी शाखेतील सर्वांत जबाबदारीचे, आणि ज्याच्याविषयी बाहेर कोणी बोलत नाही असे काम म्हणजे हुकूमनामा तयार करणे. न्यायनिर्णय न्यायाधीशांचा, त्यातला अंमलबजावणीयोग्य भाग, पक्षकारांची नावे, मिळकतीचे वर्णन, चतुःसीमा आणि खर्चाचा तक्ता एकत्र करून हुकूमनामा लिहितो तो लिपिक, आणि मग तो तपासून न्यायाधीश स्वाक्षरी करतात. संहितेच्या आदेश २० मध्ये त्याला न्यायनिर्णयापासून १५ दिवसांची मुदत आहे. शेतजमिनीच्या वाटपाचा हुकूमनामा झाला आणि जमीन सरकारी आकार (शेतसारा) असलेली असली, की कलम ५४ प्रमाणे सरस-निरस, म्हणजे जमिनीचा चांगला-वाईट कस पाहून केलेले, वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत होते. कागद तेथून तहसील कार्यालयाकडे, तेथून मोजणीकडे जातो. आता कल्पना करा की लिपिकाने गट नंबर २१४ ऐवजी २४१ लिहिला. मोजणीदार बांधावर जातो, त्या गटाचा मालक तिसराच निघतो, कागद ‘दुरुस्ती होऊन यावा’ अशा शेऱ्यासह परत येतो. मग पक्षकाराने कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज करायचा, समोरच्यांनी म्हणणे द्यायचे, त्याला पुन्हा तारखा. वीस वर्षे दावा लढून जिंकलेल्या माणसाचे आणखी दीड वर्ष दोन आकड्यांच्या अदलाबदलीत जाते. मी हाताखालच्या मुलांना एकच सांगत असे: मिळकतीचे वर्णन न्यायनिर्णयावरून उतरवा, पण सातबाऱ्याशी ताडून पाहा, आणि ताडताना दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावा; फरक आढळला तर स्वतः सुधारू नका, न्यायाधीशांच्या नजरेस आणा.

नक्कल शाखा वरकरणी कंटाळवाणी असते, परंतु मुदतीचा कायदा प्रत्यक्षात कसा चालतो हे शिकण्याचे याहून चांगले ठिकाण नाही. प्रमाणित नकलेच्या अखेरच्या पानावर अर्ज केल्याची, नक्कल तयार झाल्याची आणि ती दिल्याची अशा तारखा असतात. दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपील करण्यास ३० दिवस मिळतात, आणि मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवण्यासाठी लागणारा काळ त्यातून वगळला जातो. निकाल ३ जूनचा, अर्ज १० जूनचा, नक्कल तयार २४ जूनला, आणि पक्षकार ती न्यायला आला ५ जुलैला, असे समजा. वगळणूक मिळते ती १० ते २४ या दिवसांची. त्यानंतर नक्कल टेबलावर पडून राहिली तो काळ पक्षकाराच्या खात्यावर. म्हणजे ‘तयार’ची तारीख एका दिवसाने चुकली तरी कोणाचे अपील मुदतबाह्य ठरू शकते, आणि आपण त्या दिवशी रजेवर होतो म्हणून दुसऱ्या दिवशीची तारीख टाकली हा खुलासा कामास येत नाही. तयार झालेल्या नकलांची यादी त्याच दिवशी फलकावर लावा. तेवढ्याने अर्धी भांडणे मिटतात.

फौजदारी शाखेत मुद्देमालाचे टेबल असते. जप्त केलेली हत्यारे, कपडे, दारूच्या बाटल्या, रोकड, दागिने असे सर्व पंचनाम्यासह येते. लिपिकाने प्रत्येक वस्तू नोंदवहीत घ्यायची, लेबल लावायचे, लाखेचे सील पाहायचे, आणि सील तुटलेले असेल तर ते स्वीकारतानाच लिहून ठेवायचे. एकदा एक वृद्ध बाई आपले मंगळसूत्र मागायला आल्या. चोरीचा खटला नऊ वर्षांनी निकाली निघाला होता. मधल्या काळात सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळून ठेवण्याची व मागितल्यास हजर करण्याची लेखी हमी देऊन, ते परत घेता येते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही आदेश पाहिला, अपिलाची मुदत संपल्याची आणि अपील दाखल नसल्याची खात्री केली, मौल्यवान वस्तूंच्या पेटीतून पाकीट काढले, सील शाबूत असल्याचे त्यांना दाखवले, आणि सराफाला बोलावून समक्ष वजन केले. पंचनाम्यात ११ ग्रॅम ४०० मिलिग्रॅम होते, काटाही तेच म्हणाला. बाईंनी वाट्या उलटसुलट करून पाहिल्या आणि म्हणाल्या, “काळे मणी एवढे नव्हते हो.” मी पंचनामा वाचून दाखवला, मण्यांची संख्यासुद्धा त्यात लिहिलेली होती. मोजून दिले, पावतीवर अंगठा घेतला. तो पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराने मणी मोजले नसते, तर त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. उलट प्रसंगही घडतात: आदेशात ‘अपील मुदतीनंतर नष्ट करावा’ असे असताना मुदत न पाहता मुद्देमाल नष्ट केला, आणि वरिष्ठ न्यायालयाने तो पाहण्यासाठी मागवला, तर तो लिपिक नोकरीत पुढे कुठेही गेला तरी ते प्रकरण त्याचा पाठलाग करते.

संगणकाविषयी थोडक्यात. प्रत्येक प्रकरणाला त्याची स्वतंत्र ओळख असलेला सोळा स्थानांचा सीएनआर क्रमांक असतो: राज्याची दोन अक्षरे, जिल्ह्याची दोन, न्यायालयाच्या आस्थापनेचे दोन अंक, सहा अंकी अनुक्रम आणि चार अंकी वर्ष. पक्षकार पुढची तारीख मोबाइलवर पाहतो ती लिपिकाने सीआयएस या न्यायालयाच्या संगणक प्रणालीत भरलेली असते. कागदावर १२ आणि संगणकावर २१ असे झाले तर माणूस ऐंशी किलोमीटरवरून चुकीच्या दिवशी येतो. समन्स-नोटिसा पोहोचवणाऱ्या बेलिफाच्या बजावणीची नोंदही आता मोबाइलमधून, स्थळाच्या खुणेसह येते, त्यामुळे ‘घरी गेलो, कुलूप होते’ हा जुना शेरा तपासता येऊ लागला आहे. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, तरी त्याआधीचे गुन्हे भारतीय दंड संहितेखालीच चालतात, आणि तेव्हा प्रलंबित असलेले खटले जुन्या प्रक्रियेनेच पुढे जातात. त्यामुळे आरोपीच्या जबाबाचा एक नमुना जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३१३ चा आणि दुसरा नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ चा, असे दोन्ही खणात ठेवावे लागतात, आणि ही जोडव्यवस्था अजून बरीच वर्षे चालेल.

आता नातेवाइकांच्या हसण्याविषयी. होय, फाईल वर काढण्यासाठी, नक्कल लवकर मिळण्यासाठी, तारीख लांबची किंवा जवळची पडावी म्हणून पैसे देऊ करणारे असतात, आणि घेणारेही मी पाहिले आहेत. बहुतेकदा सुरुवात रकमेने होत नाही. चहाने, दिवाळीच्या डब्याने, ‘असू द्या हो, तुमच्या मुलीसाठी’ या वाक्याने होते. नवीन माणसाला नाही म्हणणे जड जाते, कारण समोरचा वकिलाचा कारकून रोज भेटणारा, वयाने मोठा, आणि फाईल सापडत नसताना मदत करणारा असतो. मी चहा बाहेर टपरीवर, स्वतःच्या पैशाने घेत असे, आणि शक्य तेव्हा त्यांचाही देत असे. हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण मला तो पुरला. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आता पक्षकारांनाही पाठ असतो. सापळ्यात अडकलेल्या एका सहकाऱ्याकडे मिळालेली रक्कम त्याच्या आठवड्याच्या पगाराहूनही कमी होती.

कायद्याची पदवी आवश्यक नाही. भरतीत तिला प्राधान्य असते एवढेच. शब्द मात्र शिकून घ्यावे लागतात: कैफियत, सरतपास, दरखास्त, निर्णीत ऋणको, जातमुचलका. सहा महिन्यांत ते तोंडी बसतात. उच्च न्यायालयाने प्रसिद्ध केलेल्या सिव्हिल मॅन्युअल आणि क्रिमिनल मॅन्युअल या दोन पुस्तकांत लिपिकाच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आहे, आणि कार्यालयात ती सहसा कपाटावर धूळ खात असतात. ती खाली काढणारा मनुष्य दोन वर्षांत साऱ्यांच्या उपयोगाचा होतो. वेतनश्रेणी एस-६, म्हणजे सातव्या वेतन आयोगाप्रमाणे १९,९०० ते ६३,२०० मूळ वेतन आणि वर भत्ते. पुढे वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक अशी वाट आहे, पण ती रिक्त जागांवर अवलंबून असल्याने वयाच्या चाळिशीपर्यंत एकच पदोन्नती झाली तर आश्चर्य मानू नका. बदल्या जिल्ह्यातल्या जिल्ह्यात, प्रमुख जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशाने होतात.

निवड झालीच, तर रुजू होण्याच्या दिवसाबद्दल एक सूचना. तुम्हाला एखादे टेबल मिळेल, आणि जाणारा सहकारी प्रभार यादी पुढे करून म्हणेल, “सगळं बरोबर आहे, सही करा, मला गाडी पकडायची आहे.” सही करू नका. तीन दिवस लागले तरी चालतील, एकेक फाईल यादीशी लावून मोजा, शेवटचे पान कितवे आहे ते पाहा, कोऱ्या रोजनाम्याच्या फायली वेगळ्या काढा. मी एका ठिकाणी प्रभार घेतला तेव्हा यादीत ६१२ फायली होत्या आणि कपाटात ६०९. तीन क्रमांक लिहून मी अधीक्षकांना त्याच दिवशी पत्र दिले आणि पोच घेतली. दोन फायली अपिलाच्या कामी वर गेलेल्या सापडल्या. तिसरी सापडली नाही. वकिलांकडील प्रतींवरून तिची पुनर्बांधणी करावी लागली, चौकशी झाली, आणि चौकशी अधिकाऱ्यांनी माझ्याकडे मागितली ती फक्त त्या पत्राची पोच.